एक आई, दोन नोंदी : फॉर्मच्या आतल्या फॉर्मबद्दल



या वेळी पाठ्यपुस्तकातला घटक नाही, उपक्रमही नाही. आज फॉर्मबद्दल बोलायचं आहे. "मॅडम, फॉर्म भरूनच तर बोटं झिजली, आता त्यावर लेखही वाचायचा का?" असं तुम्ही म्हणाल. तरी वाचा. यात माझी एक चूक आहे आणि ती तुमच्याही शाळेत होऊ शकते, कदाचित झालीही असेल.

मी कारंजा (घाडगे) तालुक्यात प्राथमिक शाळेवर आहे. डी.एड. केलं तेव्हा संगणक म्हणजे कॅफेत जाऊन निकाल पाहण्यापुरता. पुढे 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द आला, त्या लाटेत मीही शिरले. लॉकडाऊनमध्ये वेळ होता म्हणून रूबी ऑन रेल्स शिकायला घेतलं. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते, वेबवर चालणाऱ्या नोंदवह्या, संकेतस्थळं बनवण्यासाठीचा हा एक तयार सांगाडा आहे. घराचा पाया, कॉलम, छत आधीच उभं असतं, भिंती आपण घालायच्या. त्यातून मी आमच्या शाळेपुरती एक छोटी वही बनवली. मुलांची नावं, पालक, फोन, गाव, वर्ग. कार्यालयातल्या संगणकावरच चालते, बाहेर कुठे जात नाही. सगळ्यांना आवडली. मलाही अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

मग सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत पहिलीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत ओट्यावरून पडला. कपाळाला खोक पडली. त्याच्या बाईंनी वही उघडली, आईचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. त्याची मोठी बहीण आमच्याच शाळेत चौथीला आहे, पण ती त्या दिवशी आली नव्हती. शेवटी आम्हीच त्याला दवाखान्यात नेलं, टाके घातले आणि एक पालक मोटारसायकलवर शेत शोधत गेले. आई आली तेव्हा दोन तास उलटून गेले होते. पोराला पोटाशी धरून ती एवढंच म्हणाली, "मॅडम, नंबर तं म्या बदलून देल्ला होता ना."

दिला होता. ऑगस्टमध्ये चौथीच्या वर्गात येऊन दिला होता आणि चौथीच्या सरांनी त्याच दिवशी वहीत बदललाही होता. मी रात्री वही उघडून पाहिलं. मुलीच्या नोंदीत नवा नंबर होता. मुलाच्या नोंदीत जुना. एकाच बाईच्या दोन नोंदी होत्या, नाव तेच, गाव तेच, नंबर वेगळे. सर बरोबर होते, आई बरोबर होती. चूक वही बनवणाऱ्याची होती.

ती कशी झाली ते नीट सांगते, कारण गंमत त्यातच आहे.

आपण दाखल्याचा फॉर्म भरतो तेव्हा वर मुलाची माहिती असते, खाली पालकांची. कागद एक, सही एक. पण आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल ही एक नोंद, पालक ही दुसरी आणि त्यांच्यात नातं. शिधापत्रिका आठवा. वर कुटुंबप्रमुख, खाली सदस्यांच्या ओळी. (२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने १८ वर्षांवरची घरातली सर्वांत मोठी स्त्री प्रमुख मानली जाते, हे आपल्या वर्गातल्या किती पोरींना माहीत आहे कुणास ठाऊक.) कार्ड एक, पण प्रत्येक सदस्याची ओळ वेगळी. संगणकात अशा रचनेला म्हणायचं मूळ नोंद आणि तिला जोडलेल्या नोंदी. रेल्समध्ये २००९ साली, २.३ या आवृत्तीत, एक सोय आली : मूळ नोंदीच्या फॉर्ममध्येच जोडलेल्या नोंदींचे रकाने ठेवायचे आणि एकदाच 'जतन करा' दाबलं की दोन्ही ठिकाणी माहिती जायची. तिचं नाव 'ॲक्सेप्ट्स नेस्टेड ॲट्रिब्यूट्स फॉर'. नाव लांबलचक आहे, पण काम सोपं : एका डब्यात दुसरा डबा. जँगोमध्ये अशीच सोय 'इनलाइन फॉर्मसेट' या नावाने आहे.

ही सोय मला फार आवडते, हे आधीच सांगून ठेवते. तिच्यामुळे अर्धवट नोंद होत नाही. समजा आईचा नंबर नऊच आकडी टाकला आणि वहीने तो नाकारला, तर मुलाचीही नोंद होत नाही. दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. आधी मी दोन वेगळे फॉर्म ठेवले होते, तेव्हा मुलं असायची आणि पालक नसायचे. जून महिन्यात गडबडीत दुसरा फॉर्म भरायला कुणाला वेळ असतो?

रिकाम्या ओळींचंही तसंच. फॉर्मवर मी पालकांच्या तीन ओळी ठेवल्या : आई, वडील, आणि आजी-मामा जे कोणी सांभाळत असतील ते. तिसरी ओळ बहुतेक वेळा रिकामी राहते. 'पूर्ण रिकामी असेल तर सोडून दे' असं रेल्सला एका शब्दात सांगता येतं. ते सांगायचं मी विसरले होते, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या नावावर एक बिननावाचा पालक जमा झाला. ती चूक दिसली आणि लगेच सुधारली.

दुसरी चूक हसण्यासारखी होती. आतल्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक असतो, आयडी. आधीची नोंद बदलायची असेल तर फॉर्मने तो क्रमांक सोबत पाठवावा लागतो. पाठवला तर रेल्स समजतं, ही जुनीच नोंद आहे, दुरुस्त करा. नाही पाठवला तर समजतं, नवीन पालक आले, जोडा. फॉर्म तो क्रमांक आपोआप पाठवतो, पण आपण दारातल्या चौकीदाराला यादी द्यावी लागते की कोणकोणते रकाने आत घ्यायचे. त्या यादीत मी नाव घेतलं, नातं घेतलं, फोन घेतला आणि आयडी घ्यायचा राहून गेला. झालं. कुणीही मुलाचा वजन-उंचीचा रकाना बदलून 'जतन करा' दाबलं की त्याला आणखी एक आई आणि आणखी एक वडील. दुसरीतल्या एका पोराला दिवाळीपर्यंत चार बाप झाले होते. सर म्हणाले, "मॅडम, याचं पालक-मेळाव्याला काय करायचं?"

त्या चौकीदाराच्या यादीला कंटाळू नका मात्र. मार्च २०१२ मध्ये गिटहब या संकेतस्थळावर एका तरुणाने फॉर्ममध्ये नसलेला एक रकाना आपल्या मनाने जोडून पाठवला आणि स्वतःची चावी चक्क रेल्स बनवणाऱ्यांच्याच खात्याला लावून दाखवली. यादीच नव्हती, म्हणून जे आलं ते आत गेलं. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीपासून ही यादी देणं रेल्सने नेहमीचं केलं. मुलांची माहिती ठेवताना हे हसण्यावारी नेऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट आहे. घरगुती वही फुकटच्या सर्व्हरवर टाकून केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिची लिंक फिरवू नये, हे माझं स्पष्ट मत.

आतली नोंद काढून टाकायची असेल तर रेल्समध्ये त्या ओळीला 'डिस्ट्रॉय' अशी खूण पाठवावी लागते, आणि तीही मूळ परवानगी दिली असेल तरच चालते. परवानगी न देणं हाच तिथला रिवाज, आणि मला तो पटतो. सातबाऱ्यावरचं नाव कुणी असंच खोडत नाही. फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकत ऐकली जाते, मग जुन्या नावाला कंस होतो. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये खाडाखोड करताना आपला हात थरथरतो तो उगीच नाही. मी वहीत वडिलांची ओळ काढायचं बटण ठेवलंच नाही. वडील वारले, आई माहेरी आली, असं काही असेल तर 'सध्या संपर्क नाही' ही खूण करता येते. ओळ राहते. पोर मोठं होऊन कागद मागायला येतं तेव्हा ती ओळ लागते.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या चुका मी सुधारल्या होत्या. आयडी जात होता, रिकाम्या ओळी गळत होत्या. तरी त्या मुलाच्या आईच्या दोन नोंदी कशा झाल्या?

तीन वर्षांपूर्वी मुलगी दाखल झाली, तिच्या फॉर्ममध्ये आई भरली. मुलाचा फॉर्म जूनमध्ये भरला, त्यातही आई भरली. नवा फॉर्म, नव्या ओळी, आयडी नाही, म्हणून नवीन आई. रेल्सने नियमाप्रमाणेच केलं. मला वाटलं, सोपं आहे, दुसऱ्या फॉर्ममध्ये पहिल्या आईचा क्रमांक पाठवून देऊ. पाठवला तर रेल्सने सरळ नकार दिला : या क्रमांकाचा पालक या मुलाकडे नाही. आधी मला राग आला. मग कळलं की नकार योग्य आहे. आतल्या फॉर्ममधून फक्त त्याच नोंदी हलवता येतात ज्या आधीच त्या मुलाला जोडलेल्या आहेत. नाहीतर कुणीही मुलाच्या फॉर्ममधून गावातल्या कुणाच्याही आईचा नंबर बदलू शकला असता.

म्हणजे प्रश्न सोयीचा नव्हताच. मी आईला मुलाच्या डब्यात ठेवलं होतं. मुलाचा डबा, आत आई. मुलीचा डबा, आत आई. पण आई मुलाच्या आत राहत नाही. ती स्वतंत्र माणूस आहे. शेतावर जाते, सिम बदलते आणि तिला दोन मुलं आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि यावर तुमचा विरोध असेल तर जरूर कळवा : जे खरोखर मुलाचंच आहे ते त्याच्या फॉर्मच्या आत ठेवावं. कोणत्या वर्षी कोणता वर्ग, किती वजन, कोणती लस, शिष्यवृत्तीचं खातं. मुलाची नोंद नसेल तर या ओळींना अर्थ नाही. पण जे मुलाशिवायही जगात आहे, म्हणजे आई, वडील, गाव, भाऊ-बहीण, त्यांना आत कोंबू नये. त्यांची नोंद बाहेर, एकदाच. मुलाच्या फॉर्मच्या आत काय ठेवायचं? फक्त नातं.

हे मी पुस्तकात नाही शिकले, तलाठी कार्यालयातल्या बाकड्यावर शिकले. वडिलांच्या शेताचं काम होतं, बसल्या बसल्या हातातले कागद वाचत होते. सातबारा गटाचा असतो. एका गटात चार खातेदार असू शकतात आणि एका खातेदाराची जमीन तीन गटांत असू शकते. मग त्याची नोंद तीनदा करतात का? नाही. त्याला खाते क्रमांक आहे, आठ-अ वर त्याची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते आणि सातबाऱ्यावर तो खाते क्रमांक आणि त्याचा हिस्सा येतो. आमच्या दोन मुलांची आणि एका आईची गुंतागुंत कागदावर कधीच सोडवून ठेवलेली होती.

तसंच केलं. 'पालकत्व' नावाची मधली नोंद बनवली. तिच्यात तीनच गोष्टी : कोणतं मूल, कोणता पालक, नातं काय. मुलाच्या फॉर्मच्या आत आता ही पालकत्वाची ओळ आहे. रेल्सची तीच सोय, तोच आतला डबा, पण डब्यात आई नाही, आईकडे नेणारी चिठ्ठी आहे. ती ओळ काढली तर नातं सुटतं, आई जागेवर राहते. 'आजी सांभाळते', 'मामाकडे राहतो' हेही तिथेच बसतं, कारण एकच बाई एकाची आई आणि दुसऱ्याची मावशी असू शकते. मोलमजुरीला बाहेरगावी गेलेल्या घरांतली मुलं आपल्या वर्गात असतात, तेव्हा या रकान्याची किंमत कळते.

दाखल्याच्या वेळी आता पहिला प्रश्न बदलला आहे. आधी विचारायचो, "बाळाचं नाव काय?" ते आजही विचारतोच, पण फॉर्म उघडताना आधी विचारतो, "या शाळेत तुमचं आणखी कोणी शिकतं का? शिकून गेलं का?" हो म्हटलं की आईचं नाव शोधून निवडायचं, नव्याने टाइप करायचं नाही. वेळही कमी लागतो.

टाइप करण्यावरून आठवलं. आमच्या गावाचं नाव हाच या विषयाचा उत्तम धडा आहे. 'कारंजा' असं नुसतं लिहिलं तर कोणतं? आमचं कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं. दुसरं कारंजा (लाड) वाशिम जिल्ह्यातलं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी ते अकोल्यात होतं, म्हणजे जुन्या दाखल्यांवर जिल्हा आणखी वेगळा. इंग्रजी स्पेलिंगने गेलात तर उरणचं करंजाही त्याच रांगेत येऊन उभं राहतं. जन्मगावाच्या रकान्यात बाहेरून आलेल्या मुलांचं 'कारंजा' एवढंच लिहून आलं की आम्ही फोन करत बसतो. गाव हे टाइप करायची गोष्ट नाही, यादीतून निवडायची गोष्ट आहे. गावाची नोंद एक, तिला तालुका एक, तालुक्याला जिल्हा एक. जिल्हा बदलला तर एकाच जागी बदलेल, हजार मुलांच्या नोंदी उघडाव्या लागणार नाहीत.

आणि आईच्या नावाचं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांची नावं आपल्या राज्यात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव अशी लिहायची आहेत. ही मुलं पहिलीत येतील २०३० च्या आसपास. तोपर्यंत तुमच्या-माझ्या एक्सेलमध्ये 'पूर्ण नाव' असा एकच लांब रकाना असेल, तर त्यात मधलं नाव आईचं की वडिलांचं हे कुणाला कळणार नाही. एकाच वर्गात, एकाच घरातली दोन भावंडं दोन पद्धतींची असतील. रकाने आत्ताच वेगळे करा.

युडायस प्लसमध्ये मुलाला कायमचा शिक्षण क्रमांक मिळतो, पेन. शाळा बदलली तरी तो सोबत जातो, ही फार चांगली गोष्ट झाली. आईला मात्र तिथे स्वतःचा क्रमांक नाही, मुलाच्या माहितीतला ती एक रकाना आहे. त्या यादीचं काम मुलांची गणती आहे, म्हणून मी त्याला चूक म्हणत नाही. पण शाळेतली वही ही गणतीसाठी नसते. ती पोर पडल्यावर उघडायची असते. म्हणून पालकांनो, नंबर बदललात की ज्या वर्गात सांगता तिथेच विचारा, "धाकट्याच्या नोंदीत पण झालं ना?" लाजू नका. आम्ही शिक्षक आपापल्या वर्गाची वही पाहतो, शेजारच्या वर्गाची नाही.

जुन्या नोंदी एकत्र करायचं काम मी दिवाळीच्या सुट्टीत केलं. आधी वाटलं, प्रोग्रामलाच सांगावं : नाव, आडनाव, गाव तिन्ही जुळलं की दोन्हींची एक नोंद कर. तशी ओळ लिहूनही ठेवली. चालवायच्या आधी, भीती वाटली म्हणून, जुळणाऱ्या नावांची नुसती यादी छापून घेतली आणि सुट्टी संपल्यावर वर्गावर्गात फिरून मुलांनाच विचारलं. पोरं आनंदाने सांगत होती, "हो मॅडम, हे माही ताई." टिक करत गेले. बहुतेक ठिकाणी खरंच एकच आई होती.

एका जोडीपाशी आले. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. तिसरीतल्या मुलीला विचारलं, "पाचवीतला तो तुझा दादा ना?" तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे, आणि दोघंही हसायला लागली.

"नाही मॅडम," ती म्हणाली, "त्याची माय चष्मा लावते."